मधल्या मापाचा कॉम्प्रेसर

"स्वयंपाक येतो का गं बाळ तुला?" आक्काताई मगदुमांनी विचारलं, तेव्हा मी कॉम्प्रेसरचा पट्टा किती ताणलेला असावा ते समजावून सांगत होते.

"येतो की," म्हटलं आणि परत पट्ट्यावर आले.

गिऱ्हाईक काय, कसलंही विचारतं. पाण्याची मोटर घ्यायला आलेला माणूस आधी ऊस किती टन पडला ते सांगतो, मग जावयाचं गाऱ्हाणं, मग हळूच किमतीवर येतो. जयसिंगपुरात मशिनरीचं दुकान चालवायचं तर एवढं ऐकून घ्यावंच लागतं. त्यामुळं मी आक्काताईंचं काही मनावर घेतलं नाही. त्या आल्यापासून कॉम्प्रेसरकडं पाठ करून बसल्या होत्या, तेही मनावर घेतलं नाही. मला फक्त तो खपवायचा होता.

कारण तो मी मागवलेला होता. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्याला पहिल्यापासून विरोध. आमच्या चौगुले मशिनरीत पंप, मोटारी, पाइप चालायचे. कॉम्प्रेसर ठेवायचेच तर पंक्चरवाल्यांसाठी दोन हॉर्सपॉवरचे छोटे. मी बी. कॉम. होऊन दुकानात बसायला लागले आणि पहिल्याच पाडव्याला पाच हॉर्सपॉवरचा, पोटाएवढ्या उंचीच्या आडव्या टाकीचा हा निळा कॉम्प्रेसर मागवला. पंक्चरवाल्यांना तो मोठा व्हायचा आणि कारखानेवाल्यांना लहान. पाडव्यापासून तो दारात बसून होता. दादा त्याच्या हँडलला छत्री अडकवायचे, टाकीवर जेवणाचा डबा ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हे आमच्या लेकीचं मशीन. विकायचं नाही, शोभेचं आहे."

श्रावणात एकदा ते गंभीर होऊन बोलले. मला भाऊ नाही. सांगलीचा माझा चुलतभाऊ धनपाल दुकान घ्यायला टपूनच बसला होता.

"राजमती, सरळ सांगतो," दादा म्हणाले. "दसऱ्याच्या आत हा डबा खपवलास तर दुकान तुझं. नाही खपला तर धनपालला देऊन टाकतो. मी मोकळा, तूही मोकळी."

मला मोकळं व्हायचंच नव्हतं. मोकळं होऊन करू काय? लग्नाचं म्हणाल तर तोवर पाच-सहा स्थळं येऊन पोहे खाऊन गेली होती. सगळ्यांना माझं सगळं पसंत पडायचं, तोंड सोडून. शेवटच्या मुलाचा बाप म्हणाला होता, "मुलीनं एवढे प्रश्न विचारायचे नसतात." त्यावर मी, "मग कधी विचारायचे, बारशाला?" असं म्हटलं आणि ते स्थळ चहा अर्धा टाकून उठलं. त्या दिवशी मी घरात जाहीर केलं, आता परत कुणी बघायला आलं तर मी मागच्या दारानं सरळ दुकानात निघून जाईन. आई रडली. दादा काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्या निळ्या डब्यात.

मगदूम आले तो रविवार होता. आईनं सकाळीच आंबा रंगाची साडी काढून दिली, दुपारी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचंय म्हणाली. दादा म्हणाले, "कुरुंदवाडचं नवं गिऱ्हाईक येणार आहे. उसाच्या ट्रॉल्या बांधतात. तू बोल, मी मध्ये पडत नाही." मला आनंद झाला. चला, दादांना अक्कल आली म्हटलं!

तिघं आले. पांढऱ्या टोपीतले आण्णा मगदूम, त्यांच्या मंडळी आक्काताई, आणि मुलगा सुकुमार. सुकुमारच्या नखांत लाल रंग अडकलेला होता. कामाचा माणूस आहे, एवढं मी तिथंच ताडलं.

"आजवर ब्रशनंच रंगवत होतो," तो म्हणाला. "पण लोकांना आता गाडीसारखा चकचकीत रंग पाहिजे. मागं मोर पाहिजे. गळीत हंगामाच्या आत बऱ्याच ट्रॉल्या द्यायच्या आहेत."

"दहाचा नाही का?" आण्णा मध्येच म्हणाले. "दहा हॉर्सपॉवरचा? शिरोळच्या खोतांकडं दहाचा आहे."

"खोतांकडं एका वेळी रंग फवारायच्या किती गनी चालतात?"

"ते काय मोजायला गेलतो मी?"

"बरं, तुमच्याकडं किती चालणार?"

"चार!" आण्णा म्हणाले.

"एकच," सुकुमार म्हणाला. "रंगवणारा मी एकटाच आहे."

"मग दहाचा घेऊन काय करायचं आण्णा? एक गन चालणार आणि बाकीची हवा टाकीत बसून राहणार."

गादीवर दादांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पोऱ्याला हाक मारून परत चहा सांगितला. पहिला चहा अजून संपला नव्हता.

"हे बघ पोरी," आण्णा म्हणाले, "मशीन कसं दांडगं पाहिजे. आवाज पाहिजे. रस्त्यानं जाणाऱ्याला कळलं पाहिजे, मगदुमांकडं मशीन आलंय."

"त्याला हलगी लावा की. स्वस्तात काम होईल."

सुकुमार हसला. आण्णा हसले नाहीत. मी आपली पुढं. "मीटर कितीचा मंजूर आहे तुमचा?"

"भरपूर आहे."

"वेल्डिंग सुरू केलं की घरातला पंखा मंद होतो," सुकुमार म्हणाला.

"झालं तर! दहाचा लावलात तर फ्यूज बदलायलाच एक माणूस ठेवावा लागेल."

आण्णांनी टोपी काढून परत घातली. मग एकदम खाली आले. "असं म्हणतीस? मग तो कोपऱ्यातला दोनचा दे. स्वस्त पण पडंल."

"दोनचा नको. तो पंक्चरवाल्यांचा. टायरला घटकाभर हवा लागते, मग मशीन गप बसतं. गनीला हवा सारखी लागते. दोनचा बिचारा दमच घेणार नाही. तापत जाणार, आणि तापलेली हवा पाण्याचा अंश घेऊन गनीत येणार. रंगावर बारीक बारीक फोड दिसतील. ट्रॉली नेणारा म्हणेल, मोराला देवी आल्यात."

आता सुकुमार मोठ्यानं हसला. खरं सांगते, बरं वाटलं मला. इतकी स्थळं पोहे खाऊन गेली, पण मी बोलल्यावर कुणी हसलं नव्हतं. हा पुढं सरकून बसला होता. प्रश्न विचारत होता, उत्तर पुरतं ऐकत होता, आणि न कळलेलं परत विचारायला लाजत नव्हता.

"पाणी गाळलेलं आहे ना?" आक्काताईंनी तांब्याकडं बघत विचारलं. आमच्यात न गाळलेलं पाणी चालत नाही.

"आहे आक्काताई. मीच गाळलंय सकाळी. आणि हा पण तसलाच आहे बघा." मी कॉम्प्रेसरच्या डोक्यावरचा गोल फिल्टर काढून त्यांच्या हातात दिला. "आपण पाणी गाळून पितो, हा हवा गाळून घेतो. आपल्यातलाच म्हणायचा!"

आक्काताईंनी फिल्टर उलटासुलटा करून बघितला. त्यांचा चेहरा जरा उजळला. मग म्हणाल्या, "बाळ, तो तिकडचा पान्हा जरा आणून दाखव बघू." पान्हे दुकानाच्या पार त्या टोकाला टांगलेले. मी गेले, आणला. त्यांनी तो हातात घेतला आणि न बघताच बाकावर ठेवला. आण्णांनी किमतीचा कागद मागितला आणि म्हणाले, "छापील नको, तुझ्या हातानं लिही." लिहून दिला. त्यांनी आकडे वाचलेच नाहीत. अक्षरच न्याहाळत बसले. चौकस गिऱ्हाईक, म्हटलं. असली माणसं वेळ घेतात, पण मग फिरत नाहीत.

शेवटी मी ठरवलं, बोलणं पुरे, चालवूनच दाखवायचं. मागच्या अंगणात पत्र्याचा जुना फलक होता. पाइप जोडला, गनीत रेड ऑक्साइडचा रंग भरला, साडीचा पदर कमरेला खोचला आणि बटण दाबलं. टाकी भरली, मशीन आपोआप थांबलं. मी गन चालवली. तांबडा पट्टा सरळ उमटत गेला.

"अगं, साडी! चांगली साडी!" आक्काताई ओरडल्या.

"धुतली की डाग जातील!" मी म्हटलं. डाग कधीच गेले नाहीत. साडी आजही कपाटात आहे, तांबड्या ठिपक्यांची.

मग गन सुकुमारच्या हातात दिली. तो मनगट वळवून मारायला लागला. "हात गोल नको. सरळ न्या, पत्र्यापासून सारख्या अंतरानं. मनगट वळलं की मध्येच जाड बसतं." त्यानं तसं केलं. पट्टा संपला तेव्हा तो पत्र्याजवळ जाऊन वाकून बघायला लागला. "आण्णा, बघा की. ब्रशची एक रेघ नाही!" त्याचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, हा माणूस अजून घटकाभर इथंच थांबावा.

आण्णा पत्र्याकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. "कळवतो," म्हणाले आणि निघाले.

"कॉम्प्रेसरचं काय कळवायचं आण्णा? हंगाम तोंडावर आलाय. पटलं असेल तर..."

"कळवतो म्हटलं की."

दुपारी मी बस्तीत जायला तयार झाले, तर आई म्हणाली, राहू दे आता. म्हटलं, असेल काही.

पुढचे दिवस दुकानात सुतक होतं. दादा फोन वाजला की दचकायचे. मीही दचकायचे. मला वाटे, दादांनाही माझ्याइतकीच कॉम्प्रेसरची काळजी लागलीय. शेवटी वडीलच ते. दसरा दोन दिवसांवर आला. धनपाल येऊन दुकानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेला आणि जाताना मला म्हणाला, "तो निळा भंगारात घालू या." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि खंडेनवमीच्या सकाळी सुकुमार टेम्पो घेऊन दारात उभा! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आण्णा बरोबर नव्हते.

"न्यायला आलोय," म्हणाला. "पाचचा."

मी दादांकडं बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं. दादा मात्र सुकुमारकडंच बघत होते.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," सुकुमार खाली बघून म्हणाला.

"पाइप आणि गन पण दिलीय की दादा," मी म्हटलं.

चौघांनी मशीन उचलून टेम्पोत चढवलं. सुकुमारनं दोरी बांधली, परत सोडली, परत बांधली. मग "येतो" म्हणून गेला. दारात जिथं कॉम्प्रेसर होता तिथं फरशी नवी दिसत होती. दादा बराच वेळ हातात छत्री धरून उभे राहिले, ती अडकवायची कुठं ते सुचत नसल्यासारखे.

दादा शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मोटारींची पूजा त्यांनी मला करायला लावली, धनपालला फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि दुकान माझ्या नावावर करायचे कागद काढले. गादीवर मात्र तेच बसत राहिले. सवय हो, दुसरं काय.

आमच्याकडं पहिल्या महिन्याची तपासणी फुकट असते. रसूलभाई मिस्त्री जायचे. या खेपेला मी म्हटलं, मी पण येते. रसूलभाई म्हणाले, "तुम्ही कशाला?" मी म्हटलं, पहिलाच आहे, बघायला नको? ते खरं होतं. अर्धं खरं होतं. मी त्या दिवशी चांगली साडी नेसले होते, आणि या वेळी मला कुणी नेसायला सांगितलं नव्हतं.

मगदुमांच्या अंगणात लाल ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मागं मोर. कॉम्प्रेसरला वेगळी शेड बांधली होती. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला सुकलेला हार. आक्काताईंनी मला आत नेऊन बसवलं, पोहे दिले, आणि मी दुसरा घास घेते तोवर उसासा सोडला.

"लई मनात होतं गं बाळ माझ्या. पण ह्यांच्यापुढं काय चालतंय?"

"कशाचं?"

"तुझंच की! तुला बघायलाच तर आलो होतो त्या दिवशी." माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "सांगितलं नव्हतं व्हय तुला? तुझे दादाच म्हणाले, तिला कळलं की ती मागच्या दारानं निघून जाईल. दुकानात गिऱ्हाईक म्हणून या. मला सगळं पसंत होतं. चाल, अक्षर, पाणी गाळणं. पण हे म्हणाले, पहिल्या दिवशी मला माझ्या धंद्यातलं शिकवती, घरात आली तर मला टोपी कशी घालायची ते शिकवंल."

स्वयंपाक, पान्हा, कागद, आंब्याची साडी, दादांचा खोकला, सगळं एकदम डोक्यात गोळा झालं. जयसिंगपूर ते कुरुंदवाड सगळ्यांना माहीत होतं. एक मीच तेवढी पट्टा ताणत बसले होते.

ताटली ठेवली आणि बाहेर आले. रसूलभाई तेल बदलत होते. सुकुमार ट्रॉलीच्या पाट्यावर बसून गनीचं तोंड पुसत होता. मला बघून उभा राहिला.

"तुम्ही काय म्हणाला होता?" मी विचारलं.

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

तो तेच तोंड परत पुसायला लागला. "मी हो म्हणालो होतो."

"आणि आण्णा?"

"नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय? आण्णा नाही म्हणाल्यावर..."

मी कॉम्प्रेसरकडं बोट दाखवलं. "आणि ह्याला?"

"ह्याला पण नाहीच म्हणाले होते. त्या पोरीनं गळ्यात मारलेलं मशीन दारात नको म्हणाले." एवढं बोलून तो मान वर करून बघायला लागला. चेहऱ्यावर त्या दिवशीसारखाच तजेला आला. "पण मी सोडलं नाही. भांडलो. दोन दिवस जेवलो नाही. शेवटी म्हटलं, पाचचा आला नाही तर मी घर सोडून खोतांकडं कामाला जातो. तेव्हा कुठं ऐकलं! आण्णांना माझ्यापुढं पहिल्यांदाच हार मानावी लागली."

त्याला वाटलं होतं, हे ऐकून मी खूश होईन. खरंच तसं वाटलं होतं त्याला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आधी रडू आलं. ते मी रसूलभाईंसमोर येऊ दिलं नाही. माणूस वाईट नव्हता हो. भांडता येत होतं त्याला, हट्ट धरता येत होता, उपाशी राहता येत होतं. कशासाठी, ते त्यानं त्याचं ठरवलं होतं.

"टाकीच्या खालचा कॉक उघडून पाणी रोज सोडत जा," मी म्हटलं. "नाहीतर आतनं गंजते. बाहेरून काही कळत नाही."

"सोडतो," तो म्हणाला.

परत आले तेव्हा दादा गादीवर होते. मी समोरच्या बाकावर बसले.

"तुम्हाला माहीत होतं."

दादांनी चष्मा काढला. "होतं."

"साडी पण तुमचीच युक्ती?"

"साडी तुझ्या आईची," ते घाईनं म्हणाले. मग चष्मा सदऱ्याला पुसत म्हणाले, "तुझं लग्न ठरलं असतं आणि धनपालनं दुकान घेतलं असतं. सगळं नीट लावलं होतं मी. तू एका सकाळी दोन्ही मोडलंस."

"मला सांगितलं असतं तर मी नीट वागले असते."

"म्हणूनच सांगितलं नाही. नीट वागून काय उपयोग? पुढं कळलंच असतं त्यांना." मग चष्मा परत घालून त्यांनी विचारलं, "मशीन कसं चाललंय?"

"उत्तम. कुठं गळत नाही, तापत नाही."

"आणि माणसं?"

"माणसांची गॅरंटी आपण कुठं देतो, दादा?"

दादा हसले नाहीत. गादीवरून उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि दिवस मावळायच्या आत जेवायला म्हणून घरी गेले. जाताना दारातून म्हणाले, "कुलूप तू लाव." मी गादीवर जाऊन बसले. नंतर ते दुकानात रोज यायचे, पण बसायचे बाकावर.